निरीक्षणांचा पल्ला आणि आलेखाचा उतार : रेडिओ स्रोतांच्या गणनेवरील वादाची चिकित्सा

सारांश : प्रायोगिक निरीक्षणांवर रेषा किंवा वक्र बसवताना कोणती निरीक्षणे धरावयाची आणि कोणती सोडावयाची, हा निर्णय बहुधा तांत्रिक व गौण मानला जातो. प्रस्तुत लेखात १९५५ ते १९७० या काळातील रेडिओ स्रोतांच्या गणनेचा वाद या दृष्टीने तपासला आहे. मार्टिन राइल एका बाजूस आणि फ्रेड हॉइल व जयंत नारळीकर दुसऱ्या बाजूस असा हा वाद होता. त्यात पल्ल्याच्या निवडीवर विश्वाविषयीचा निष्कर्ष अवलंबून राहिला. या वादातून मिळणारे निकष महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील मापनांना व वनक्षेत्रातील गणनेला कसे लागू पडतात, याचीही चर्चा येथे केली आहे.

बीजशब्द : वक्र-जुळणी, निरीक्षणांचा पल्ला, उतार, रेडिओ स्रोत, स्थिर स्थिती सिद्धांत, संचयी आलेख.

१. प्रस्तावना

भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी आलेख काढतो, बिंदू मांडतो आणि त्यांतून 'उत्तम जुळणारी' रेषा ओढतो. न्यूनतम वर्ग पद्धत वापरली की रेषा कोणती हा प्रश्न संगणक सोडवितो. मात्र ही रेषा कोणत्या बिंदूंसाठी काढावयाची, हा प्रश्न संगणकाकडे जाण्यापूर्वीच सुटलेला असतो आणि तो माणसाने सोडविलेला असतो. वहीत सूत्र असते, उतार असतो, शेकडा त्रुटी असते. पहिले तीन व शेवटचे दोन बिंदू का वगळले, याचे कारण मात्र क्वचितच आढळते. जे लिहिले जात नाही त्याची चिकित्सा होत नाही, आणि ज्याची चिकित्सा होत नाही ते हळूहळू इष्ट उत्तर मिळविण्याचे साधन बनते.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या वहीपुरता नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर विश्वरचनाशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न एका सरळ रेषेच्या उतारावर येऊन ठेपला होता, आणि त्या रेषेचा उतार निरीक्षणांच्या पल्ल्यानुसार बदलत होता. मराठी वाचकाला हा प्रसंग जवळचा आहे, कारण त्यातील एक पक्ष मांडणारा तरुण संशोधक कोल्हापुरात जन्मलेला होता. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. ते बहुतांशी गौरवपर आहे. त्यांच्या संशोधनाच्या आरंभीचा हा वाद पद्धतीच्या अंगाने मराठीत फारसा तपासला गेलेला दिसत नाही. तो तपासणे हा येथील हेतू होय.

२. वादाची पार्श्वभूमी

१९४८ मध्ये हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे स्वरूप सर्व काळी सारखेच राहते, असे या सिद्धांताचे प्रतिपादन होते. महास्फोटाच्या कल्पनेप्रमाणे मात्र विश्वाला इतिहास आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश फार पूर्वी निघालेला असल्याने दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे होय. दूरचे विश्व जवळच्या विश्वाहून वेगळे दिसले तर स्थिर स्थिती सिद्धांत टिकणार नाही, ही कसोटी दोन्ही पक्षांना मान्य होती.

कसोटीचे गणित सोपे आहे. रेडिओ स्रोत अवकाशात सर्वत्र समप्रमाणात विखुरलेले आहेत आणि अवकाश यूक्लिडीय आहे असे मानले, तर ठरावीक अंतराच्या आतील स्रोतांची संख्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्रोताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. यावरून एखाद्या तीव्रतेपेक्षा अधिक तेजस्वी स्रोतांची संख्या त्या तीव्रतेच्या −३/२ घाताच्या प्रमाणात येते. दोहोंचे लॉगरिथम घेऊन आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते व तिचा उतार −१.५ असतो. प्रसरणशील विश्वात स्थिर स्थिती सिद्धांतानुसार हा उतार −१.५ पेक्षा सौम्य असावयास हवा. प्रत्यक्ष निरीक्षणात तो अधिक तीव्र निघाला, तर पूर्वी स्रोतांची संख्या किंवा त्यांचे तेज अधिक होते, म्हणजेच विश्व बदलत आले आहे, असा अर्थ होतो. एवढा मोठा निष्कर्ष एका आकड्यावर अवलंबून असताना तो आकडा कोणत्या बिंदूंवरून काढला, हा प्रश्न गौण राहत नाही.

३. मंद टोकाचा प्रश्न

१९५५ मध्ये केंब्रिज येथील राइल यांच्या गटाने आपले दुसरे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात १९३६ स्रोतांची नोंद होती. राइल व पीटर शॉयर यांनी या नोंदींवरून काढलेला उतार सुमारे −३ होता. यूक्लिडीय अपेक्षेच्या दुप्पट असलेला हा उतार स्थिर स्थिती सिद्धांताला निर्णायक धक्का असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. परंतु १९५७ मध्ये सिडनी येथील बर्नार्ड मिल्स व ब्रूस स्ली यांनी आपल्या दुर्बिणीने आकाशाचा जो भाग दोन्ही सर्वेक्षणांत समाईक होता तो तपासला, तेव्हा दोन यादींत फारच थोडे साम्य आढळले. त्यांच्या मोजणीतील उतार सुमारे −१.६५ होता आणि उपकरणजन्य परिणाम लक्षात घेता −१.५ पासून तो फारसा वेगळा मानण्याचे कारण नव्हते.

चूक कोठे होती? केंब्रिजच्या उपकरणाची पृथक्करणक्षमता मर्यादित होती. एकाच वेळी दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात अनेक मंद स्रोत येत आणि त्यांचे संकेत एकमेकांत मिसळून एकच, काहीसा तेजस्वी स्रोत असल्याचा भास होई. तेजस्वी स्रोत विरळ असल्याने त्यांच्या बाबतीत हा घोटाळा क्वचित होतो, मंद स्रोत दाट असल्याने तेथे तो वारंवार होतो. परिणामी आलेखाच्या मंद टोकाला संख्या कृत्रिमरीत्या फुगते आणि रेषा तीव्र होते. यात आणखी एका परिणामाची भर पडते. मोजणीच्या मर्यादेजवळ यादृच्छिक त्रुटींमुळे काही स्रोत खरे असतात त्यापेक्षा तेजस्वी, तर काही मंद नोंदले जातात. मर्यादेखाली स्रोतांची संख्या वरच्यापेक्षा अधिक असल्याने खालून वर येणारे स्रोत वरून खाली जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी असूनही गणना मात्र एकाच बाजूला ढळते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. मंद टोकाला बिंदूंची संख्या सर्वांत जास्त होती, म्हणून त्यांची सांख्यिकी त्रुटी सर्वांत कमी भासत होती. भार देऊन रेषा बसविली तर हेच बिंदू रेषेला सर्वाधिक ओढतात. जेथे मापन सर्वांत अविश्वसनीय होते तेथेच ते सर्वांत अचूक भासत होते. मोजणीची संख्या वाढविल्याने यादृच्छिक त्रुटी कमी होते, उपकरणाचा दोष कमी होत नाही. ही बाब ध्यानात घेऊनच शॉयर यांनी १९५७ मध्ये स्वतंत्र स्रोत मोजण्याऐवजी नोंदींतील चढउतारांच्या वितरणाचा अभ्यास करण्याची पद्धत मांडली. जे सुटे दिसत नाही त्याला सुटे मानून मोजू नये, हा तिचा गाभा होय.

४. १९६१ : हॉइल आणि नारळीकर यांचा युक्तिवाद

राइल यांच्या गटाने टीकेची दखल घेतली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. सुधारित उपकरणाने १५९ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर केलेले तिसरे सर्वेक्षण १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४७१ स्रोत होते. यादी आखूड झाली, पण विश्वसनीय झाली. १९६१ मध्ये राइल यांनी नव्या निरीक्षणांवरून सुमारे −१.८ हा उतार जाहीर केला. उतार −३ वरून −१.८ वर आला असला तरी −१.५ पेक्षा तो तीव्रच होता, आणि स्थिर स्थिती सिद्धांत त्याज्य ठरतो हा निष्कर्ष कायम ठेवण्यात आला.

नारळीकर त्या वेळी हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला नुकतेच लागले होते. त्याच वर्षी हॉइल व नारळीकर यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात स्थिर स्थिती विश्वातील रेडिओ स्रोतांच्या गणनेविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. विश्व अतिविशाल पल्ल्यावर एकजिनसी असले, तरी लहान पल्ल्यावर ते तसे असेलच असे नाही. दीर्घिकांचे समूह व त्यांहून मोठे महासमूह असतात आणि त्यांच्यामध्ये विरळ प्रदेश असतात. निरीक्षक जर अशा प्रदेशात असेल की जेथे जवळचे रेडिओ स्रोत सरासरीपेक्षा कमी आहेत, तर आलेखाच्या तेजस्वी टोकाला संख्या अपुरी पडेल आणि संपूर्ण रेषा तीव्र भासेल. त्यासाठी विश्वाला इतिहास असण्याची गरज नाही.

या युक्तिवादाचे महत्त्व त्याच्या दिशेत आहे. तोवरची सर्व चर्चा मंद टोकाभोवती फिरत होती. हॉइल व नारळीकर यांनी वाचकाचे लक्ष दुसऱ्या टोकाकडे वळविले. तेजस्वी स्रोतांच्या बाबतीत उपकरणाची अडचण नव्हती. तेथील मापन उत्तम होते, परंतु नमुना अगदी लहान होता, आणि शिवाय तो 'आपल्या परिसराचा' होता. चांगले मापन आणि प्रातिनिधिक मापन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या निबंधाचे पद्धतशास्त्रीय सार होय.

त्याचबरोबर या युक्तिवादाची दुर्बलताही सांगितली पाहिजे. विषमतेचा पल्ला किती असावा हे सिद्धांतातून आधी निघालेले नव्हते. उताराचे स्पष्टीकरण होईल इतका तो पुरेसा मोठा मानावा लागत होता. निरीक्षणाला अनुरूप असा मापदंड नंतर निवडणे आणि सिद्धांताला अनुरूप अशी निरीक्षणे निवडणे, या दोहोंत तर्कदृष्ट्या फारसे अंतर नाही. पहिल्यात वक्र वाकविला जातो, दुसऱ्यात पल्ला कापला जातो. दोन्ही ठिकाणी स्वातंत्र्य संशोधकाच्या हाती असते आणि त्याची किंमत निष्कर्षातून वजा करावी लागते.

५. संचयी आलेखाचा सापळा

वादाचा गाभा समजण्यासाठी एक काल्पनिक आकडेमोड उपयोगी पडेल. समजा, १ एकक तीव्रतेपेक्षा तेजस्वी असे १००० स्रोत अपेक्षित आहेत. उतार −१.५ असल्यास ४ एककांपेक्षा तेजस्वी स्रोत १२५, आणि १० एककांपेक्षा तेजस्वी स्रोत सुमारे ३२ असावयास हवेत. आता अशी कल्पना करू की, परिसर विरळ असल्याने १० एककांवरील ३२ स्रोतांपैकी १६ नाहीत, बाकी सर्व जसेच्या तसे आहे. संचयी गणनेत प्रत्येक बिंदू आपल्यापेक्षा तेजस्वी अशा सर्व स्रोतांची बेरीज असतो, म्हणून ही १६ ची तूट खालच्या प्रत्येक बिंदूत उतरते. नव्या संख्या अनुक्रमे ९८४, १०९ आणि १६ होतात.

या तीन बिंदूंवरून उतार काढल्यास काय दिसते? १ ते ४ एकके या पल्ल्यात उतार सुमारे −१.५९ येतो. १ ते १० या पल्ल्यात तो सुमारे −१.७९ येतो. ४ ते १० या पल्ल्यात तो सुमारे −२.०९ येतो. निरीक्षणे तीच, आकाश तेच, पल्ला तेवढा वेगळा. एकूण हजारातील १६ स्रोतांच्या तुटीमुळे −१.५ चा उतार −१.८ च्या आसपास जातो, आणि हा आकडा १९६१ च्या आकड्याशी जुळतो हे लक्षणीय आहे. मात्र यावरून राइल यांचा उतार अशाच तुटीतून आला होता असे सिद्ध होत नाही. तो तसा येऊ शकतो, एवढेच दिसते.

आता तीच निरीक्षणे संचयी न करता टप्प्याटप्प्याने मोजली, तर १ ते ४ एककांमधील स्रोत पूर्वीही ८७५ होते आणि आताही ८७५ आहेत. तूट केवळ ज्या टप्प्यात आहे त्याच टप्प्यात दिसते. संचयी आलेखातील बिंदू परस्परांपासून स्वतंत्र नसतात, आणि त्यांना स्वतंत्र मानून न्यूनतम वर्ग पद्धत लावली तर त्रुटी वास्तवापेक्षा कमी भासते. डेव्हिड जॉन्सी यांनी १९६७ मध्ये आणि त्यानंतर क्रॉफर्ड, जॉन्सी व मर्डॉक यांनी १९७० मध्ये हीच बाब रेडिओ स्रोतांच्या संदर्भात दाखवून दिली व उतार काढण्यासाठी कमाल संभाव्यतेची पद्धत सुचविली. संचयी आलेख दिसावयास गुळगुळीत असतो. त्याचा गुळगुळीतपणा निरीक्षणांचा गुण नसून बेरजेचा परिणाम असतो.

६. निष्कर्ष योग्य, पण मार्ग?

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. १९६५ मध्ये पेंझियास व विल्सन यांनी सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी प्रारण शोधल्याचे जाहीर केले आणि स्थिर स्थिती सिद्धांताचा पाया ढासळला. केंब्रिजच्या चौथ्या सर्वेक्षणातील गणनेने तेजस्वी भागात उतार तीव्र असल्याचे व मंद भागाकडे तो सौम्य होत जात असल्याचे दाखविले. म्हणजे एकच उतार सर्वत्र लागू होतो ही समजूतच बाद झाली. रेडिओ स्रोत काळानुसार बदलत आले आहेत हे आज सर्वमान्य आहे. राइल यांना १९७४ मध्ये अँटनी ह्यूइश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः छिद्र-संश्लेषण तंत्रासाठी.

यावरून राइल बरोबर होते व हॉइल–नारळीकर चूक होते, असा सरधोपट निवाडा देण्याचा मोह होतो. पद्धतीच्या दृष्टीने तो अपुरा आहे. १९५५ चा −३ हा उतार चूक होता, आणि त्यावरून काढलेला 'विश्व बदलते' हा निष्कर्ष पुढे योग्य ठरला, म्हणून तो उतार योग्य होत नाही. चुकीच्या रेषेने योग्य ठिकाणी पोहोचणे हा योगायोग असतो, पुरावा नसतो. उलटपक्षी हॉइल व नारळीकर यांचा सिद्धांत टिकला नाही, तरी तेजस्वी टोकाचा नमुना लहान व स्थानिक आहे ही त्यांची हरकत ग्राह्य होती, आणि तिच्यामुळेच गणनेची पद्धत अधिक काटेकोर झाली. सिद्धांताचा पराभव आणि हरकतीचे मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.

या इतिहासाचा पुढील दुवा महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाचे सर्वेक्षण केले. त्या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत सुमारे ६ लाख २० हजार स्रोत आहेत. १९५९ च्या ४७१ स्रोतांशी तुलना करता हा फरक प्रचंड आहे. तथापि मंद टोकाला यादी कोठपर्यंत पूर्ण आहे, हा प्रश्न आजही प्रत्येक गणनेपूर्वी विचारावा लागतो. फरक एवढाच की, आता त्याचे उत्तर कृत्रिम स्रोत नोंदींत मिसळून व ते किती प्रमाणात परत सापडतात हे पाहून आधीच काढता येते.

७. पल्ला वाढविणे आणि वगळणे जाहीर करणे

पल्ला वाढविणे हा सर्व दोषांवरचा उपाय नव्हे. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये वेग व अंतर यांचा संबंध मांडला तो २४ तेजोमेघांवरून, आणि त्यांची अंतरे सुमारे २ मेगापार्सेकपर्यंतच होती. इतक्या जवळच्या दीर्घिकांचे स्वतःचे इतस्ततः वेगही प्रसरणाच्या वेगाशी तुलनीय असतात. १९३१ मध्ये हबल व ह्यूमसन यांनी हा पल्ला सुमारे ३२ मेगापार्सेकपर्यंत नेला आणि रेषा कायम राहिली. संबंध सरळ रेषेचा आहे या विधानाला त्यामुळे बळ आले. परंतु त्या रेषेचा उतार ५०० च्या पुढेच राहिला, आज तो ७० च्या आसपास मानला जातो. अंतरमापनाचा पायाच चुकीचा असल्याने सर्व अंतरे एकाच प्रमाणात आखूड झाली होती. पल्ला वाढविल्याने वक्राचा आकार तपासता येतो, मोजपट्टीची चूक त्यातून उघड होतेच असे नाही.

निरीक्षणे वगळण्याची प्रामाणिक रीत कोणती, याचे चांगले उदाहरण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॉल पर्लमटर यांच्या गटाच्या निबंधात मिळते. ४२ दूरच्या व १८ जवळच्या अशा एकूण ६० सुपरनोव्हांपैकी त्यांनी मुख्य निष्कर्षासाठी ५४ धरले. परंतु सर्व ६० धरून काय उत्तर येते तेही शेजारी दिले, आणि दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच होती. वगळण्याचा निर्णय योग्य होता की नाही याची चर्चा वाचक करू शकतो, कारण निर्णय त्याच्यासमोर आहे. पुढे नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये याच प्रकारची निरीक्षणे धातूंच्या तंतुमय धुळीच्या साहाय्याने स्थिर स्थितीच्या सुधारित रूपात बसवून दाखविली. येथेही प्रश्न तोच होता : धुळीचे प्रमाण हा मोकळा मापदंड ठेवला तर उपलब्ध पल्ल्यात जुळणी साधतेच, म्हणून खरी परीक्षा पल्ल्यापलीकडील निरीक्षणांची असते. २००४ मध्ये अधिक दूरचे सुपरनोव्हा उपलब्ध झाल्यावर साध्या करड्या धुळीचे स्पष्टीकरण अपुरे पडल्याचे दिसून आले.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील स्वरूप

हा सर्व विचार दूरच्या दीर्घिकांपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पदवीचा विद्यार्थी शीतकरणाचा प्रयोग करतो. गरम पाण्याचे तापमान आणि खोलीचे तापमान यांतील फरकाचा लॉगरिथम काळाविरुद्ध मांडला की सरळ रेषा अपेक्षित असते. तापमानातील फरक ३० अंश असताना खोलीचे तापमान १ अंशाने चुकले, तर फरकातील चूक सुमारे ३ टक्के होते. फरक २ अंशांवर आला की तीच चूक ५० टक्के होते. उन्हाळ्यात येथील खोलीचे तापमान प्रयोग चालू असतानाच वाढते, त्यामुळे रेषेचे शेवटचे टोक वाकते. ते टोक सोडणे योग्यच, परंतु 'रेषेत बसत नाही' हे त्याचे कारण नव्हे. लहान फरकावर खोलीच्या तापमानातील अनिश्चितता वरचढ होते, हे कारण आहे आणि ते प्रयोगापूर्वीच सांगता येते. डायोडच्या बाबतीतही असेच. अत्यल्प प्रवाहाला पुनःसंयोगाचा व मोठ्या प्रवाहाला अंतर्गत रोधाचा प्रभाव असतो, म्हणून मधला भाग निवडण्यास भौतिक आधार आहे.

संशोधनाच्या पातळीवर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. पातळ थर व सूक्ष्मकण यांवरील संशोधनात अर्धवाहकाचे ऊर्जा-अंतर काढण्यासाठी टाउक आलेख सर्रास वापरला जातो. १९६६ मध्ये टाउक व सहकाऱ्यांनी अस्फटिकी जर्मेनियमसाठी मांडलेली ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक पदार्थाला लावली जाते. आलेखाचा 'सरळ भाग' निवडून तो शून्यापर्यंत वाढवावयाचा आणि छेदबिंदू वाचावयाचा, अशी ही रीत आहे. सरळ भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे मात्र डोळ्यांनी ठरते. खालच्या बाजूला दोषांमुळे होणाऱ्या शोषणाची शेपटी असते, वरच्या बाजूला आलेख पुन्हा वाकतो. निवड थोडी सरकली की उत्तरात दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि मिश्रणामुळे ऊर्जा-अंतर घटल्याचा जो दावा निबंधात केला जातो तो बरेचदा याच आकारमानाचा असतो. २०१८ मध्ये माकुला व सहकाऱ्यांनी अशा सुधारित अर्धवाहकांसाठी पायारेषा लक्षात न घेता केलेली जुळणी दिशाभूल करते, हे स्पष्टपणे मांडले.

पृष्ठफळ मोजण्याच्या बीईटी पद्धतीविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. तीच १८ अधिशोषण-निरीक्षणे ६१ प्रयोगशाळांना देण्यात आली आणि पृष्ठफळ काढण्यास सांगण्यात आले. मापनात फरक असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आकडे सर्वांकडे तेच होते. तरीही उत्तरांत मोठी तफावत आली. तिचे मुख्य कारण दाबाच्या पल्ल्याची निवड हे होते.

९. पल्ल्याबाहेरील अनुमान

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आकडेमोडीचा हा प्रश्न जीविताशी जोडलेला आहे. ब्रह्मपुरी वनविभागात संरक्षित क्षेत्राबाहेर वाघांचा मोठा वावर आहे, आणि शेतीला लागून असलेल्या जंगलात किती वाघ आहेत या आकड्यावर बंदोबस्त, नुकसानभरपाई व स्थलांतराचे निर्णय ठरतात. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर पाऊलखुणांवरून वाघ ओळखण्याची जुनी पद्धत मागे पडली. नव्या पद्धतीत निवडक ठिकाणी छायाचित्र-सापळ्यांनी घनता काढून तिचा वाघांच्या खुणांशी संबंध बसविण्यात आला व तो संबंध इतर क्षेत्रांना लावण्यात आला. २०११ मध्ये झाला व सहकाऱ्यांनी हा संबंध भक्कम असल्याचे मांडले. २०१५ मध्ये गोपालस्वामी व सहकाऱ्यांनी अशा अंशांकनावर आक्षेप घेतला. खुणा सापडण्याची शक्यता ठिकाणानुसार बदलते, त्यामुळे इतका भक्कम संबंध अपेक्षित नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

या वादातील बाजू घेणे येथे अभिप्रेत नाही. पुढील काळात छायाचित्र-सापळ्यांचा वापरही पुष्कळ वाढला आहे. येथे नोंदवावयाचे ते एवढेच की, ज्या घनतेच्या पल्ल्यात रेषा बसविली त्याच पल्ल्यात ती आधारभूत असते. दाट वस्तीच्या राखीव जंगलात बसविलेली रेषा धानाच्या बांधांलगतच्या विरळ झुडपी जंगलाला लावली, तर ती रेषा राहत नाही, तो अंदाज होतो. अंदाजाला हरकत नाही, त्याला मोजणी म्हणण्याला आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) पल्ल्याची निवड उत्तर पाहण्यापूर्वी व्हावी आणि तिचे कारण उपकरणात किंवा पदार्थाच्या स्वभावात असावे. बिंदू रेषेत बसत नाही, हे त्याला वगळण्याचे कारण होऊ शकत नाही.

२) दोन्ही टोकांचे दोष भिन्न असतात. मंद टोकाला बहुधा उपकरणाचा दोष असतो, तेजस्वी टोकाला लहान नमुन्याचा. एकाच उपायाने दोन्ही दूर होत नाहीत.

३) पल्ला थोडा कमीअधिक करून उत्तर किती बदलते ते दिले पाहिजे. उत्तर बदलत असेल तर तो बदल हीसुद्धा माहिती आहे, कारण गृहीत धरलेला वक्रच कदाचित योग्य नसेल.

४) संचयी किंवा रूपांतरित आलेखांतील बिंदूंना स्वतंत्र व समभार मानू नये.

५) वगळलेली निरीक्षणे आलेखावर वेगळ्या खुणेने दाखवावीत. विद्यापीठांच्या प्रात्यक्षिक-वहीत 'निवडलेला पल्ला व त्याचे कारण' असा एक रकाना घातला, तर त्याला खर्च नाही आणि त्यावर तोंडी परीक्षेत प्रश्न विचारता येतो.

राइल व नारळीकर दोघेही पुढे आपापल्या क्षेत्रांत थोर ठरले. त्यांच्या वादातून महाविद्यालयीन अभ्यासकाने घ्यावयाचा बोध कोण जिंकले हा नाही. सरळ रेषा ही निरीक्षणांनी दिलेली नसते, ती निरीक्षकाने मागितलेली असते. कोठून कोठपर्यंत मागितली, हे सांगणे त्याचे कर्तव्य होय.